अष्टमीला ताबा

२४ ऑगस्ट २००८
पाम स्प्रिंग्ज, कॅलिफोर्निया

दादा,

वर नमस्कार घातला असता तर तू म्हणाला असतास, आता आठवला. म्हणून घातला नाही. तो शोभावहिनीला सांग. मी फोन केला की दोन रिंगा होतात आणि तू कट करतोस. चिठ्ठी कट करता येत नाही. फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस एकदा बघतोच.

बातमी अशी की हे घर विकायला काढलंय. डॉक्टर गुरुदत्त सबनीस, ज्यांना उचलायला-बसवायला मला मुंबईहून इथं आणलं, ते गेल्या वर्षी गेले हे वहिनीला कळवलं होतं. तेव्हापासून घरात त्यांची बायको रेखाकाकू आणि मी. त्यांचा मुलगा केदार अल्फारेटाला असतो, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो म्हणतो, आई एकटी वाळवंटात नको. मला धरून दोन होतात, पण ते त्याच्या हिशेबात येत नाही.

घर कसं आहे ते तुला कधी लिहिलं नाही. तू म्हणशील अमेरिकेत काचेची घरं असतात. हे मातीचं आहे. भिंत एवढी रुंद की खिडकीत मांडी घालून जेवावं. वर आपल्यासारखी लाल कौलं, पण नळीची. दारं कमानीची, खिडक्यांना लोखंडी नक्षी, मध्ये चौक आणि चौकात कोरडं कारंजं. ऐंशी वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसानं स्पेनमधल्या घरांसारखं बांधून घेतलं. बाहेर पितळी पाटी आहे, हे जुनं घर जपून ठेवायचं आहे म्हणून. गावच्या कमिटीला विचारल्याशिवाय खिडकीचा रंगसुद्धा बदलता येत नाही. मागं उघडा डोंगर, झाड नाही. आपल्या देवीआईच्या डोंगराची जर कुणी हजामत केली तर तो असा दिसेल.

आणि जेवणाच्या खोलीत भिंतीत देवळी आहे. बांधणाऱ्यानं त्यांच्या कुठल्या संतासाठी केली असणार. काका-काकूंनी घर घेतलं ते त्या देवळीसाठी, असं काकू सांगतात. काका म्हणायचे, स्वयंपाकघर आवडलं म्हणून. आता भांडायला ते नाहीत, तर काकूंचंच खरं.

घर विकणारी बाई आहे, डेबी. गोड बोलते आणि वस्तू उचलते. काकांचा फोटो उचलला, मसाल्याचे डबे उचलले, देव कपाटात ठेवायला लावले. फोडणी बंद. तिच्या म्हणण्याप्रमाणे घर विकायचं तर त्यात माणूस राहतोय असं दिसता कामा नये. काकू म्हणाल्या, "मग मलाही कपाटात ठेवा." डेबी हसली. तिला वाटलं विनोद आहे.

स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडरपण तिनं काढलं. तिथं आता लिंबाचं चित्र आहे.

यंदा देवळातली नवरात्राची पाळी आपल्या घराकडं आहे, मला माहीत आहे. तुझ्या गुडघ्याचं बघ. घर विकलं की माझे इथले कागद संपतात. पुढचं माझं मी बघीन.

प्रताप


७ सप्टेंबर २००८

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. यावेळी मला गुरव म्हणून विचारायचंय, भाऊ म्हणून नाही. तेवढं तरी वाच.

घराला गिऱ्हाईक मिळालं. मिसेस हॉलंड नावाची बाई आहे, शिकागोकडची, नवरा गेलेला, थंडीला कंटाळलेली. घर बघायला आली तेव्हा चपला काढून हातात घेतल्या आणि सगळ्या फरशीवरून अनवाणी फिरली. काकूंना ती तिथंच पसंत पडली. इथं आता घरं कोणी घेत नाही. शेजारची दोन रिकामी आहेत, बँकेनं ओढून घेतलेली. एकाच्या पोहायच्या टाकीत शेवाळ होऊन बेडूक ओरडतात, वाळवंटात बेडूक. तर ही बाई मिळाली म्हणून केदारनं फोनवर देवाचं नाव घेतलं, जे तो कधी घेत नाही.

ताबा द्यायची तारीख ठरली सात ऑक्टोबर. केदारनं विचारलं चालेल का, काकू चालेल म्हणाल्या, सही केली. त्यानंतर चार दिवसांनी त्या कपाटात हळद शोधत होत्या, तर डेबीनं गुंडाळून ठेवलेलं कॅलेंडर हाताला लागलं. ते उलगडून उभ्याउभ्या बघत राहिल्या. मला हाक मारली. सात तारीख अष्टमी आहे.

सबनिसांच्यात घट दसऱ्यालाच उठतात. काका होते तोवर दर वर्षी त्या देवळीत घट बसायचे. गेल्या वर्षी काका जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून बसले नाहीत. म्हणजे काका गेल्यावरचे हे पहिले, आणि या घरातले शेवटचे. काकूंनी ते मनात कधीच धरलं होतं, बोलल्या नव्हत्या फक्त. कॅलेंडर भिंतीवर असतं तर ही चूक कधी झाली नसती. चहा करताना रोज त्यावर नजर जायची.

केदार म्हणाला, इकडे अल्फारेटाला येऊन घट बसव, शिवांगी सगळं करेल. शिवांगी म्हणजे त्याची बायको, चांगली आहे. काकू नाही म्हणाल्या. तारीख पुढं ढकला म्हणावं तर तेही काकूंनाच नको. शब्द दिलाय, आणि ती बाई बिचकून माघारी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे त्यांनाही कळतं. इथले पैसे त्यांच्या म्हातारपणाला पुरायचेत, मुलाच्या घरी हात पसरायचा नाही हा त्यांचा बाणा. तर घरही गेलं पाहिजे आणि घटही हलता कामा नये. अशी गाठ बसलीये.

मग केदारनं मला वेगळा फोन केला. म्हणाला, "प्रताप, यार, तू गुरवाचा मुलगा. आई तुझं ऐकेल. काहीतरी शास्त्र सांग की तिला."

दादा, मी आठवी नापास. मला कुठलं शास्त्र? मला जे येतं ते तुझ्या नि आबांच्या मागं तेलाची किटली धरून आलेलं. म्हणून विचारतो. दसऱ्याआधी घट उठवायची काही वाट आहे का? असली तर खरी सांग. नसली तर नाही म्हणून सांग. शिव्या घालायच्या असतील तर खाली जागा भरपूर आहे.

प्रताप


३० सप्टेंबर २००८

दादा,

ही चिठ्ठी पोचेल तोवर सगळं झालेलं असेल. तरी लिहितोय, कारण आज सांगायला दुसरं कोणी नाही.

आज घट बसवले. मी बसवले. काकूंनी सोवळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "केदार येईल शनिवारी, पण त्याला काही येत नाही. तू बस." मी म्हटलं मला मंत्र येत नाहीत. त्या म्हणाल्या, "मंत्र मी म्हणते. तुझे हात लाव."

माती इथं नाहीच, सगळी वाळू. पपनसाच्या झाडाखाली काकांनी वर्षानुवर्षं भाजीची सालं पुरलेली, तिथली काळी झालेली ओंजळ-ओंजळ काढली. धान्य इंडियन दुकानातलं. माळेला कण्हेर आहे. कण्हेर मात्र रस्तोरस्ती आहे इथं, कुंपणाला लावतात, देवाला घालतात हे कोणाला माहीत नाही. पहिली माळ चढवली. समई देवळीत बसली तशी ती देवळी अशी दिसली, जणू बांधणाऱ्यानं माप घेऊन केली होती. मागच्या चुन्यावर जुन्या काजळीचा डाग आहे, वर निमुळता होत गेलेला. डेबीनं तो पुसायला माणूस बोलावला होता. काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

आज डेबी आली, आणि दिवा बघून दारातच थांबली. उघडी ज्योत, लाकडी तुळया, विमा, जुनं घर, असं बरंच बोलली. त्यापेक्षा वासाची मेणबत्ती लावा म्हणाली, व्हॅनिलाची. काकूंनी तिला खुर्ची दिली, साबुदाण्याची खिचडी दिली. तिनं दोनदा घेतली आणि विम्याचं विसरली.

आता ज्यासाठी लिहितोय ते. केदार रोज फोन करतो. वाईट नाही तो, घाबरलाय. त्याच्या कंपनीत माणसं काढायला लागलेत, त्याच्या शेजारच्या टेबलावरचा गेला. तो म्हणतो, काही लोकांच्यात सप्तमीला घट उठवतात असं आईला सांग. एक वाक्य, बस. आणि मी ते बोललो तर काकू मानतील, हेच वाईट आहे. गुरवानं सांगितलं म्हणून मानतील. जन्मात मला कोणी एवढं मानलं नाही. दगडाच्या खाणीत नाही, ट्रकवर नाही, गोव्याच्या हॉटेलात नाही, बोटीवर तर नाहीच. आणि पहिल्यांदा कुणी मानलं तर ते खोटं बोलायच्या कामाला येणार.

तरी बोलेन असं वाटतंय. रविवारी, सहाव्या माळेला. माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. केदारनं माझं मुंबईचं तिकीट काढलंय ऑक्टोबरअखेरचं. पण टेक्सासला एकाचं मोटेल आहे, तो कागद विचारत नाही. घर वेळेत सुटलं तर मीही सुटतो. तुला म्हटलं होतं ना, पुढचं माझं मी बघीन, ते हे.

तू आज देवळात बसला असशील. नऊ दिवस पायरी उतरायची नाही. तेल वर कोण आणून देतं रे?

प्रताप


१० ऑक्टोबर २००८

दादा,

तुला अर्धं माहीत आहे, अर्धं सांगतो. वहिनीला वाचून दाखव, तिला सगळंच सांगायचंय, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

रविवारी संध्याकाळी मी ठरवून चौकातून आत निघालो होतो. केदार आत खोकी बांधत होता, काकू देवळीसमोर पाटावर. काय बोलायचं ते तोंडात घोळवून घेतलं होतं. तेवढ्यात खिशात फोन वाजला आणि एका रिंगेत थांबला. तुझा मिस्ड कॉल. तीन वर्षांनी भावाशी बोलायचं तर पैसे त्यानंच घालावेत, हे तुलाच सुचतं.

मी लावला. मागं घंटा ऐकू येत होती. तिकडं पहाट असणार. शेवटच्या पायरीवर रेंज येते, तिथं उभा असशील.

तू पहिलं विचारलंस, "कितवी माळ?"

म्हटलं, "सहावी."

"आबा गेले तेव्हा कितवी होती?"

वहिनी, तेव्हा मी बारीक होतो, पण आठवतं. पाळी आमची होती, आबा चौथ्या माळेला गेले, घरादाराला सुतक. आम्ही सगळे पायरीच्या खाली. मी सांगितलं, चौथी.

"दिवा विझला?"

"नाही. वरच्या वाडीतल्या नामू गुरवानं तेल घातलं."

"आबांचं आणि त्याचं बोलणं होतं?"

"नव्हतं. बांधावरून कोर्टात गेले होते."

"घट हलला?"

"नाही."

"मग. घट हलवत नाहीत. माणूस हलतो. ज्याच्या हातात किल्ली, त्यानं तेल घालायचं." आणि मग, "तेल कुठलं वापरता तिकडं?" आणि रेंज गेली. मी परत लावला, लागला नाही.

आत गेलो. जे घोळवलं होतं ते बोललो नाही, तू सांगितलंस ते सांगितलं, नामू गुरवासकट. केदारनं चिकटपट्टी खाली ठेवली. काकूंनी समईची वात वर ओढली. मग मला म्हणाल्या, "तुझा भाऊ किती दिवसांनी बोलला तुझ्याशी?"

म्हटलं, तीन वर्षांनी.

"मग खरंच सांगत असेल. खोटं सांगायला एवढ्या दिवसांनी कोण फोन करतं?"

केदार मात्र हादरला. परक्या बाईला, ताबा घ्यायच्या आदल्या दिवशी, आमच्या दिव्याला तेल घाल म्हणायचं? ती वकिलाला फोन करेल म्हणाला. काकू म्हणाल्या, "करू दे. विचारायचं मी. तू फक्त मध्ये बोलू नकोस."

सोमवारी मिसेस हॉलंड घर शेवटचं एकदा बघायला आली, डेबी बरोबर. नळ सोडून बघितले, दिवे लावून बघितले, फरशीवर परत अनवाणी. जेवणाच्या खोलीत आली आणि देवळीपाशी थांबली. धान चांगलं बोटभर वर आलेलं. काकूंनी खुर्ची दिली नाही, खिचडी दिली नाही. उभ्यानं, इंग्रजीत, सरळ सांगितलं. उद्यापासून घर तुझं. हा दिवा गुरुवारपर्यंत जळायचा आहे आणि हे भांडं इथून हलत नाही. तोवर घर बंद करून जायचं नाही. तेल तू घालशील का?

डेबीनं डोळे मिटून घेतले. केदार खोक्यावरचं नाव वाचत होता, आपणच लिहिलेलं.

मिसेस हॉलंडनं विचारलं, आग लागेल का? काकू म्हणाल्या, इतकी वर्षं लागली नाही. मग तिनं विचारलं, माझ्या हातून विझला तर काय होईल?

काकू म्हणाल्या, "परत लावायचा. पण विझू द्यायचा नाही."

ती म्हातारी हसली, पहिल्यांदा. म्हणाली, माझं सामान शुक्रवारी येतंय, तोवर मी तशीही इथं जमिनीवर झोपणार. नवरा आजारी होता तेव्हा मी दोन-दोन तासांनी उठत होते, अजून ती सवय गेली नाही, त्यापेक्षा दिवा बरा. तूही राहा की गुरुवारपर्यंत, असं काकूंना दोनदा म्हणाली. केदारसुद्धा म्हणाला, आई, तिकीट बदलतो.

काकूंनी राहायला पाहिजे होतं असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण मंगळवारी सकाळी त्यांनी समई काठोकाठ भरली, आठवी माळ चढवली, आणि सह्या करायला गेल्या. परत आल्या ते बॅगा घ्यायला. देवळीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या, आत पाय टाकला नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही पायरीखाली उभे राहिलात ना, तसं. माझी पाळी संपली." तेलाची किटली दारातूनच मिसेस हॉलंडच्या हातात दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली. कोणी शिकवलं नव्हतं तिला.

गाडीत बसताना मात्र काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. "वात वर ओढायला तिला जमायचं नाही. तेवढं तू बघ." म्हटलं, बघतो. गाडी वळेपर्यंत मी हात वर केला नाही, कारण केला असता तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्यांचा चेहरा तेवढ्यापुरता नीट होता.

दोन दिवस रिकाम्या घरात ती बाई आणि मी. ती रबरी गादीवर देवळीच्या खोलीत, मी चौकात. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, तिचं मराठी तर विचारूच नकोस. वाऱ्यानं ज्योत हलली की ती "प्रटाप" म्हणून हाक मारायची. वात तिला खरंच जमली नाही, बोटं पोळली, पण तेल घालायची वेळ एकदाही चुकली नाही. नवमीला मी कण्हेर तोडून आणली तर म्हणाली ती विषारी असते, हात धू. नववी माळ तिनं ओवली. गाठी नर्सिणीनं पट्टी बांधावी तशा घट्ट.

काल दसरा. मी घट उठवला. देवळीत ऊन नाही, त्यामुळं धान पिवळंधमक आलं होतं, चांगलं चार बोटं. पहिला तुरा देवीला, दुसरा तिच्या हातात दिला. कानामागं खोवायचा हे खुणेनं सांगितलं. तिनं खोवला आणि तसाच दिवसभर ठेवला, दुकानातसुद्धा जाऊन आली. काकूंना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "केवढं आलं?" मी सांगितलं, चार बोटं. "बरं," म्हणाल्या. मग फोन मिसेस हॉलंडला द्यायला सांगितलं, आणि त्या दोघी काय बोलल्या मला कळलं नाही. बराच वेळ बोलल्या. डेबीनं काजळी पुसायचं परत विचारलं होतं. बाईनं तिला सांगितलं, पितळी पाटीवर लिहिलंय ना, जुनं जपायचं म्हणून.

आज तिचं सामान आलं. मी ट्रक उतरवून दिला आणि टेक्सासवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला विचार कर. म्हटलं, केला.

चिठ्ठीत धानाचा तुरा ठेवलाय. वाटेत वाळेल, पण टोपीत खोवता येईल. अर्धा वहिनीला.

एकतीस तारखेला मुंबईत उतरतो. गावात आधी कोणाला बोलू नकोस. मी परत कुठंतरी पळून जाईन अशी धास्ती तुला असणारच. घरी येणार नाही, सरळ वर देवळात येईन. तेल खालून वर न्यायचं असेल तर पायरीशी ठेवून दे, येताना आणतो.

आणि तू विचारलंस तेल कुठलं. उत्तर द्यायच्या आत रेंज गेली. करडईचं इथं जवळ मिळालं नाही. कसल्याशा पिवळ्या फुलाच्या बियांचं होतं, चांगलं जळत होतं, धूर कमी. ते चालतं की नाही, हे मी आल्यावर तोंडानं सांग.

प्रताप